टाकीचा उचललेला पाय

मुकुंदा,

तुझ्या शोकसभेत लोक पोट धरून हसले. दोष माझा आहे. मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तुझा फोटो ठेवला होता. हार जरा मोठा आणल्यामुळे तुझी हनुवटी झाकली गेली होती. अध्यक्षांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी सुरुवात गंभीरपणे केली. पण समोर सगळे ओळखीचे चेहरे, रेल्वेतले, बँकेतले, आमच्या विमा ऑफिसातले. त्यातलं कुणीतरी म्हणालं, "तो तांब्याचा किस्सा सांगा." मी सांगितला. मग लाइट जाण्याचा सांगितला. मग दह्याचा. शेवटी टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या घेणारा जयपुरातला मी पहिलाच मराठी माणूस असेन.

पहिल्या रांगेत तुझी ताई, म्हणजे आमची शैला, बसली होती. ती हसली नाही.

समारोप करताना अध्यक्ष म्हणाले, "मुकुंदरावांनी टाकीची एक वेगळी चित्रकथाही इंटरनेटवर सुरू केली होती. पण कलावंत माणूस! कंटाळा आला आणि सोडून दिली." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

मुकुंदा, ते वाक्य माझं आहे. कधीतरी मीच ते अध्यक्षांना ऐकवलं होतं. तुला कंटाळा आला नव्हता आणि तू काही सोडून दिलं नव्हतंस. मी खोटं बोलून तुला ते सोडायला लावलं. मला एवढंच लिहायचं आहे आणि ते मंडळाच्या अंकात छापून यायला हवं, म्हणजे ज्यांनी माना हलवल्या त्यांच्या हातात पडेल. पण मी सरळ मुद्द्यावर येणारा माणूस नाही, हे तू आयुष्यभर सोसलंस. आणखी थोडं सोस.

तांब्याचा किस्सा तुझ्यासमोरच घडला होता, तरी सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. बनी पार्कातल्या आमच्या घराला गॅरेज होतं, मोटार नव्हती. रिटायर झाल्यावर ते गॅरेज मी महेंद्र भैयाला भाड्यानं दिलं. त्यानं तिथे सायबर कॅफे काढला. आम्हाला वाटलं, मुलं येऊन निकाल पाहतील, अर्ज भरतील. मुलं येऊन एकमेकांना गोळ्या घालू लागली. सगळे संगणक तारांनी जोडलेले आणि एकाच खेळात पाच-सहा जण बंदुका घेऊन एकमेकांच्या मागे. दुपारभर आरोळ्या चालायच्या, "मर गया! मर गया भैया! पीछे से मर गया!"

शैलाला हे माहीत नव्हतं. तू मुरलीपुऱ्याहून स्कूटरवर येऊन नुकताच व्हरांड्यात टेकला होतास. खालून आरोळी आली आणि तुझी ताई पाण्याचा तांब्या घेऊन धावली. आपण मागोमाग पोचलो तेव्हा ती दारात उभी राहून ओरडत होती, "कोण मेलं? अरे, कोण मेलं?" एका मुलानं पडद्यावरची नजर न हलवता हात वर केला. "मैं मरा, आंटी. अभी ज़िंदा हो रहा हूँ."

दुसऱ्या दिवशी तू त्याचं चित्र काढून आणलंस. रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात जन्मभर पूल आणि स्टेशनांचे नकाशे काढलेला माणूस तू. पट्टीशिवाय रेघ मारणं तुला असभ्य वाटायचं. त्या चित्रात शैला एकदा समोरून होती, एकदा बाजूनं होती आणि तांब्याचा उभा छेद वेगळा काढून त्यात पाण्याची पातळी दाखवली होती. मेलेल्या मुलाच्या नाकाला बाण काढून माप लिहिलं होतं. शैला म्हणाली, "मुकुंदा, मी काय सिग्नलचा खांब आहे का?" मी मात्र हसून हसून खुर्चीवरून घसरलो. मग चित्रावर फुगे काढून त्यात हिंदीत संवाद लिहिले. महेंद्रनं ते स्कॅन करून इंटरनेटवर चढवलं. आठवड्याभरात कुठल्या कुठल्या इंजिनियरिंग कॉलेजांतली मुलं ते एकमेकांना पाठवू लागली.

अशी आपली 'मर गया भैया' सुरू झाली. दर रविवारी एक चित्रपट्टी. चित्रं तुझी, शब्द माझे. दोन म्हाताऱ्यांनी आयुष्यात कधी बंदुकीचा खेळ खेळला नव्हता, पण त्या खेळातल्या माणसांची दुःखं आपल्याला बरोबर कळायची. जिंकायला एक गोळी उरलेली असताना लाइट जाते. शत्रूच्या तळावर पोचल्यावर आई दही आणायला पाठवते आणि शत्रू बिचारा, "जा, घेऊन ये, मी थांबतो," म्हणून ड्रमवर बसून राहतो. दही घेऊन परत येईपर्यंत शत्रूलाही त्याच्या आईनं हाक मारलेली असते.

लोक माझे संवाद वाचून हसतात, असा माझा बराच काळ समज होता. मग एकदा महेंद्रनं त्याच्या एका गिऱ्हाइकाला सांगताना मी ऐकलं, "अंकल की हिंदी ही तो जोक है. ऐसी हिंदी कोई जान-बूझ के नहीं लिख सकता." मी हे तुला सांगितलं नाही. तुला माहीत असणार. तू कधी बोलला नाहीस.

तू माझ्याशी उलटं बोलायचाच नाहीस, तिथेच सगळी गोम आहे. लग्नात तुझ्या वडिलांनी तुला समोर बसवून सांगितलं होतं, हे आता आपले जावई, यांच्या शब्दाला शब्द द्यायचा नाही. तेव्हा तू शाळेत होतास. साताऱ्याकडच्या बऱ्याच घरांत असं सांगतात आणि मुलं मोठी झाली की विसरतात. तू साठीतही विसरला नाहीस. मी चुकीचा रस्ता सांगितला तर स्कूटर त्याच रस्त्यानं न्यायचास आणि मग कडेला थांबून म्हणायचास, "दाजी, इकडून पण छान आहे, मतलब थोडं लांब पडतं इतकंच." कॅरममध्ये तुझी राणी नेमकी भोकाच्या काठावर अडायची. मी स्वतःला चांगला कॅरमपटू समजत होतो. एकदा शैलानं तुझ्याबरोबर खेळून पाहिलं. तू तिला एकही सोंगटी घेऊ दिली नाहीस. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, पण मी तो तिथेच विझवला. जिंकायची सवय लागली होती.

अधिक श्रावण आला त्या वर्षीचं आठवतं? जावयाला जाळीदार गोड पदार्थ द्यायचा म्हणून तू भर पावसात स्कूटरच्या पुढ्यात भलामोठा खोका ठेवून आलास. आत घेवर. शैला म्हणाली, "अरे, अनारसे द्यायचे असतात." तू घेवर उजेडासमोर धरलास, एक डोळा मिटून जाळीतून पाहिलंस आणि निर्वाळा दिलास, "ताई, अनारशापेक्षा याची जाळी जास्त रेग्युलर आहे." मी तो सगळा घेवर संपवला. तेवढा मान मला पुरायला हवा होता.

दुसरी गोष्ट तुझ्या डोळ्यांची. पहिली पट्टी चढवली तेव्हा महेंद्रनं तुला कौतुकानं खुर्चीवर बसवून पडदा दाखवला. तू खिशातून भिंग काढलंस, पडद्याला नाक लावलंस आणि बोटानं दाखवून विचारलंस, "महेंद्रजी, ये सीढ़ी किसने बनाई?"

"सीढ़ी नहीं साब, ये आपकी लाइन है. स्क्रीन पे तिरछी लाइन ऐसी ही आती है."

तू भिंग खिशात ठेवलंस, उठलास आणि वर येऊन मला म्हणालास, "दाजी, माझी रेघ अशी नाही." बस. त्यानंतर तू तो पडदा कधी पाहिला नाहीस. चित्रं कागदावर द्यायचास. खाली त्यांचं काय होतं, लोक काय लिहितात, हे मी जाऊन वाचायचो आणि तू व्हरांड्यात वेताच्या मुढ्यावर बसलास की तुला सांगायचो. आवाज बदलून, हातवारे करून सांगायचो. तुझे वाचक तुला माझ्या तोंडूनच भेटत. त्यांतल्या कुणाला भेटू द्यायचं, ते मी ठरवत होतो.

मग तू टाकी आणलीस.

मंडळातल्या ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मीटर गेजच्या एका लहान स्टेशनावर इंजिनाला पाणी पाजायची जुनी लोखंडी टाकी उभी आहे. वाफेची इंजिनं बंद झाली, मग रूळही उखडले, तरी टाकी भरलेली. एक दिवस ती आपल्या चार पायांवर चालू लागते आणि इंजिन शोधायला निघते. इतकीच गोष्ट. रोज थेंब थेंब गळत वाळूतून चालते आणि तिच्या मागे गवताची एक बारीक रेघ उगवत जाते. विजेच्या तारा आल्या की गुडघे वाकवून खालून जाते. एका गावात बायका घागरी घेऊन रांग लावतात तेव्हा ती लाजते. एक उंट तिला उंटीण समजून कितीतरी मैल मागे येतो. सगळे रिव्हेट जिथल्या तिथे, आणि तरी ती लोखंडी वस्तू चालताना पाहून मला गावाकडची आमची आजारी म्हैस आठवली होती. आता हे कबूल करतो. तेव्हा केलं नव्हतं.

कारण त्या पानांत एकही शब्द नव्हता.

"अरे, हिला थोडं बोलू दे," मी म्हणालो.

"दाजी, टाकी काय बोलणार?"

"मनातल्या मनात बोलेल. 'हाय रे नशीब, कुठे गेलं माझं इंजिन', असं काहीतरी. मी लिहितो ना."

तू बराच वेळ कागदाकडे पाहत राहिलास. तुझ्या भाषेत तो कडाडून विरोध होता. "मतलब... ती रिकामी असती तर बोलली असती," तू म्हणालास, "आत पाणी आहे ना." हा वाद आपण पुन्हा पुन्हा घातला. म्हणजे मी घातला आणि तू कागदाकडे पाहिलंस. तुझं म्हणणं काय होतं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. पण पानं बिनशब्दांचीच येत राहिली. ठरलं असं की एका रविवारी खेळाची पट्टी आणि पुढच्या रविवारी टाकी.

सुरुवातीला लोकांनी खरंच लिहिलं, "ये क्या है?" "जोक किधर है?" "अंकल, ग़लत फ़ाइल चढ़ गई." मी ते तुला साभिनय वाचून दाखवलं. तू हसलास. मग हळूहळू वेगळी माणसं लिहू लागली. थोडीच होती, पण ती टाकीच्या रविवारची वाट पाहत होती. ते मी तुला वाचून दाखवलं नाही. पहिल्यांदा विसरलो. दुसऱ्यांदा म्हटलं, पुढच्या वेळी सांगू. त्यापुढे विसरण्याचा काही संबंध नव्हता.

सीकर रोडवरचा तो दिवसही सांगून टाकतो. तू मला मागे बसवून मुरलीपुऱ्याला नेत होतास. ट्रकचा आवाज, वारा, आणि तू हेल्मेटमधून मान वळवून वळवून बोलत होतास. टाकी शेवटी कुठे पोचते ते सांगत होतास. इतका वेळ सलग बोलताना मी तुला कधी पाहिलं नव्हतं. मी मात्र मागे बसून लाइट गेल्यावरचा एक संवाद जुळवत होतो. घरापाशी स्कूटर लावून तू विचारलंस, "पटलं का, दाजी?"

"पटलं, पटलं," मी म्हणालो. तू खूश झालास. कुलूप उघडताना शीळ घालत होतास.

त्यानंतर काही दिवसांनी एका इंजिनियरिंग कॉलेजच्या पोरांनी त्यांच्या खेळांच्या स्पर्धेला आपल्याला पाहुणे म्हणून बोलावलं. माझे संवाद छापलेले टी-शर्ट घालून मुलं हिंडत होती. माझ्याभोवती गर्दी. 'दही लेके आ, मैं रुकता है' हे वाक्य पोरं माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेत होती. तू कुठेतरी खाण्याच्या टेबलापाशी होतास. तेवढ्यात एक मुलगी गर्दीतून वाट काढत आली. मी सही करायला पेन उघडलं. ती म्हणाली, "नहीं अंकल, मतलब... टंकीवाले अंकल आप हैं?"

"नाही. नहीं," मी म्हणालो.

"वो आए हैं?"

माझ्या हातात उघडं पेन होतं. तू मला दिसत होतास. तुझ्या पाठीचा चुरगळलेला शर्ट दिसत होता. मी म्हणालो, "आज आए नहीं."

ती गेली. मग तू सामोशांच्या दोन बशा सांभाळत आलास. "दाजी, हिरवी चटणी फार तिखट आहे. तुमच्यासाठी गोडवाली वेगळी मागून आणली."

मी ते सामोसे खाल्ले, मुकुंदा. दोन्ही.

संध्याकाळी व्हरांड्यात मी तुला सांगितलं, "हे बघ, लोकांना टाकी कळत नाहीये. पोरांना खेळाचेच विनोद हवेत."

तू विचारलंस, "कुणालाच?"

सगळ्या आयुष्यात माझ्या शब्दाची खात्री करून घ्यायला तू विचारलेला हा एकच प्रश्न.

"कुणालाच," मी म्हणालो.

"बरं, दाजी."

खाली जाऊन स्वतः पाहावं, महेंद्रला विचारावं, असं तुझ्या मनातही आलं नसेल. दाजींनी सांगितलं म्हणजे झालं. दुसऱ्या कुणाच्या मेव्हण्यानं मला तिथल्या तिथे खोटं पाडलं असतं, आम्ही भांडलो असतो, शैलानं दोघांनाही झापलं असतं आणि पुढच्या रविवारी टाकी निघाली असती. माझं खोटं टिकलं ते तू दिलेल्या मानावर. तो तू इतका मनापासून दिलास, याबद्दल मला तुझा रागही येतो. हा राग अन्यायाचा आहे, ठाऊक आहे. येतो मात्र.

शेवटचं पान चढलेलं होतं. त्यात टाकी माळावरून चालतेय, पुढचा डावा पाय तिनं उचलला आहे आणि बरोबर त्या पायाखाली, उघड्या जमिनीवर, टिटवीची अंडी आहेत. टिटवी पंख पसरून उभी, चोच उघडी, एवढ्या मोठ्या लोखंडाच्या अंगावर धावून आलेली. पाय हवेत. पुढचं पान आलंच नाही. लोक लिहीत राहिले, "अंडे बचे क्या?" "अंकल, टंकी थक गई होगी, पाँव नीचे तो रखवाओ." मी वाचत राहिलो आणि वर येऊन तुला सांगत राहिलो की लाइटवाली पट्टी फार गाजली.

तू पुढे बरीच वर्षं मला लागतील तशा बंदुका आणि ड्रम काढून दिलेस. छान काढलेस. एका पट्टीत कोपऱ्यात तू एक टिटवी काढली होतीस, खेळाशी काही संबंध नसताना. मी तिथे संवादाचा फुगा टाकला. जागा लागत होती.

शोकसभेहून घरी आल्यावर मी शैलाला हे सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल, किंवा म्हणेल, जाऊ द्या, झालं ते झालं. ती म्हणाली, "ती लोकांची पत्रं अजून आहेत?"

"इंटरनेटवरचं कुठे जात नाही."

"मग कागदावर काढून आणा. आणि त्याला वाचून दाखवा. तुम्हीच दाखवायचात ना?"

महेंद्रनं सगळं छापून दिलं. शैलानं तुझा फोटो व्हरांड्यात आणून मुढ्यावर ठेवला. हार काढून ठेवला, म्हणजे हनुवटी मोकळी झाली. मी सुरू केलं, नेहमीच्या सवयीनं आवाज बदलून, आणि तिनं मला अडवलं. "नाटक नको. सरळ वाचा."

मी सरळ वाचलं. ऐकलंस का, ते माहीत नाही, म्हणून थोडं इथेही लिहितो. एकानं लिहिलंय, "मेरे नाना स्टीम इंजन चलाते थे. उनको हर पेज दिखाता हूँ. अब वो पूछते हैं, टंकीवाला इतवार कौन सा है?" एक मुलगा लिहितो, "इसमें एक भी गोली नहीं चलती, फिर भी देखता हूँ. मेरे दोस्तों को मत बताना." आणखी एक, "किसी ने देखा? हर पेज में पानी थोड़ा कम है." आणि एक बाई, बहुतेक ती स्वतः इंजिनियर असावी, विचारते, "पीछे का दायाँ पाँव ज़रा छोटा है. ये ग़लती है या टंकी सच में ऐसी थी?"

इथे शैला म्हणाली, "थांबा." मग तुझ्या फोटोकडे वळून म्हणाली, "बघ, पकडलं तुला." ती टाकी खरंच तशी होती, तिच्या एका पायाखालची जमीन खचली होती, हे तू आम्हा दोघांनाही केव्हातरी सांगितलं होतंस. त्या बाईला उत्तर द्यायला तू स्केल आणि नकाशा घेऊन दोन पानं लिहिली असतीस. आनंदानं वेडा झाला असतास.

माझा घसा बसला. मी पाणी मागितलं. "वाचून झालं की," ती म्हणाली. मधेच उठून तिनं चहा केला. तो तिनं स्वतः प्यायला.

सगळं संपल्यावर तिनं विचारलं, "कुठे पोचणार होती ती टाकी?"

"त्यानं मला सांगितलं होतं. स्कूटरवर."

"मग?"

"मी ऐकलं नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "एवढ्या वर्षांच्या संसारात," ती म्हणाली, "हे तुम्ही मला काही नवीन सांगत नाही." मग डोळे पुसले आणि दाराकडे बोट केलं. "जा खाली. जे मला सांगितलंत ते तिथे लिहा. त्या लोकांना."

मी खाली गेलो. महेंद्र म्हणाला, "अंकल, आप बोलो, मैं टाइप कर देता हूँ." मी नको म्हटलं. एका बोटानं, माझ्या त्याच हिंदीत, शेवटच्या पानाखाली लिहिलं. टाकीचे चित्रकार मुकुंद गेले. हे काम त्यांनी कंटाळून बंद केलेलं नाही. त्यांना मी खोटं सांगितलं की हे कुणालाच आवडत नाही, म्हणून त्यांनी बंद केलं. तुमचं लिहिणं मी त्यांच्यापर्यंत पोचू दिलं नाही. टाकी कुठे जाणार होती ते त्यांनी मला सांगितलं होतं, पण माझं लक्ष नव्हतं. यात माझा एकही शब्द नाही, सगळं त्यांचं आहे. मग महेंद्रला सांगून टाकीच्या सगळ्या पानांवरून माझं नाव काढायला लावलं. ते तिथे कोपऱ्यात इतकी वर्षं होतं, कशासाठी ते देव जाणे.

मला शिव्यांची अपेक्षा होती. आल्या, आणि चांगल्या आल्या. एक-दोन इतक्या मुद्देसूद होत्या की तुला वाचून दाखवायला आवडलं असतं. तुझ्यासाठी लोकांनी जे लिहिलं तेही शैलाला वाचून दाखवलं, सरळ आवाजात. पण थोड्याच वेळात सगळे मला विसरले आणि आपसात भांडू लागले. एक म्हणतो, टाकी फुलेऱ्याला पोचणार, तिथे जुनी इंजिनं उभी आहेत. दुसरा म्हणतो, इंजिन मिळणारच नव्हतं, पानापानावर पाणी कमी होत होतं ते काय उगाच? उंट परत येणार होता यावर एक जण पैज लावून बसला आहे. ती इंजिनियर बाई म्हणते, मागचा पाय आखूड असल्यामुळे टाकीला फार वेळ तोल धरता येणार नाही, तेव्हा पाय कुठेतरी खाली यायलाच हवा. त्यावर त्या इंजिन चालवणाऱ्या आजोबांचा नातू लिहितो, नाना म्हणतात, ती पाय मागे घेईल.

तुला यातलं कोण बरोबर ते ठाऊक आहे. मला नाही. मी रोज दुपारी खाली जाऊन महेंद्रच्या शेजारी बसतो आणि वाचतो. शेजारच्या संगणकावर पोरं मरत असतात. वाद अजून चालू आहे, मुकुंदा. मी मधे बोलत नाही.